तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या फ्लॅटला स्वतःचा एजंट आणि इन्स्पेक्टर कशाला?

इमारत कोरी करकरीत, बिल्डर नावाजलेला, साइटवरचा एजंट एक रुपया न घेता सगळं दाखवतोय. मग खिशातले पैसे घालून आपला एजंट आणि घर तपासून देणारा इन्स्पेक्टर कशाला आणायचा, असं बरेच जण विचारतात.

एजंट फुकट वाटतो, कारण त्याची दलाली बिल्डर देतो. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी असली तरी सौदा जमल्याशिवाय त्याच्या हाती काही पडत नाही. 'हा फ्लॅट घेऊ नका' असं तो कशाला सांगेल? ठरलेली फी तुमच्याकडून घेईन, बिल्डरकडून काहीही घेणार नाही, असं लिहून देईल तोच तुमचा एजंट. असा माणूस मिळत नसेल तर मी तरी एजंटचा नाद सोडून ते पैसे वकील आणि इन्स्पेक्टरवर घालीन. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. वकिलाला मसुदा दाखवायचा तो तेव्हाच.

इन्स्पेक्टरला बोलवायची वेळ म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, ओसी) आल्यावर आणि शेवटचा हप्ता देण्याआधी. महारेराच्या नमुना करारात लिफ्ट वगैरे झाल्यावर एकूण ९५ टक्क्यांपर्यंत आणि उरलेले ताबा देताना, अशी विभागणी आहे. ते ५ टक्के हातात आहेत तोवर तुमच्या फोनला उत्तर मिळतं.

खरी गोम बाथरूममध्ये असते. नहाणीची जाळी बंद करून इंचभर पाणी २४ तास साठवायचं आणि खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. तिथं जाता येत नसेल तर निदान आपल्या छताला वरच्या बाथरूमखाली ओल आहे का ते बघा. पाणी सोडल्यावर ते जाळीकडे न जाता दाराशी साचत असेल तर उतार चुकलाय, आणि टाइल्स उखडल्याशिवाय तो सुधारत नाही. टाइल्सवर काठीनं ठोकत जायचं. पोकळ आवाज आला की समजावं, टाइलखाली मसाला सलग पसरलेला नाही, नुसते गोळे ठेवलेत. जड वस्तू पडली की अशी टाइल तडकते.

विजेचं तपासताना एक घोळ होतो. आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबलं, खटका पडला, म्हणजे अर्थिंग ठीक असं नव्हे. ते बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंगसाठी प्रत्येक सॉकेटला अर्थिंग दाखवणारा सॉकेट टेस्टर लावावा लागतो. कायमचा मीटर बसलेला नसेल तर ही तपासणी मागे ठेवा, आणि तसं लेखी नोंदवा.

खिडक्यांच्या चौकटीची बाहेरची फट पावसाळ्यातच खरं बोलते. भिंत आणि बीमच्या सांध्यावरची आडवी चीर बहुधा वरवरची असते, तिथं जाळी न लावता प्लास्टर केलेलं असतं. पण बीमच्याच अंगावर तिरकी चीर दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

कार्पेट एरिया लेझर मीटरनं मोजून घ्या. आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरतात. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत.

ताबा पावतीवर 'काम समाधानकारक, तक्रार नाही' असं छापलेलं असेल तर त्याखाली दोषांची यादी जोडूनच सही करा. ताब्यापासून ५ वर्षांत निघालेले बांधकामातले किंवा कामाच्या दर्जातले दोष बिल्डरनं कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचे असतात. मात्र बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय तुम्ही बाथरूम फोडलंत तर नमुना करारानुसार ही जबाबदारी संपते, म्हणून इंटिरिअरवाल्याला आधी थांबवा.