दिवेघाट, टाच आणि परभणीच्या आजी

वारीतल्या पुण्याच्या मुक्कामाचं काय लिहायचं, माउली पालखी विठोबा मंदिरात, तुकोबाराय निवडुंग्या विठोबा मंदिरात, नाना पेठ भवानी पेठ माणसांनी गच्च, दर्शन झालं आणि पहाटे निघालो. हडपसरला दोन्ही पालख्यांचे रस्ते वेगळे झाले, तुकोबा लोणी काळभोरकडे आणि आम्ही सासवडकडे.

हा टप्पा तीस किलोमीटरच्या वर आहे. रस्ताभर चहा-बिस्किटं वाटणारे मांडव आणि प्रत्येकाचा लाऊडस्पीकर, त्यात आमच्या दिंडीचा मृदंग ऐकूच येईना. मला फार राग आला, अजूनही येतो. वाटप करा ना, पण तो भोंगा कशाला? मृदंग ऐकू येत असतो तेव्हा पाय उचलायचा विचारच करावा लागत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात ज्यांचं चालणं अडखळतं त्यांना आम्ही मेट्रोनोमच्या, म्हणजे एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्राच्या, ठेक्यावर चालवतो, कारण नुसता ठेका ऐकूनसुद्धा मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. इथे तर हजारो टाळ आहेत. पण तो आवाज तुटला की आपण नुसते दमलेले लोक उरतो.

वडकी नाल्याला विसाव्याला बसले तेव्हा उजवी टाच पेटली होती. शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या, ओळख ना पाळख, म्हणाल्या, "माय, पाय इकडं कर." आणि माझा पाय मांडीवर घेऊन बसल्या. मला कसंतरीच झालं, माझ्या पायाला चिखल, त्यांच्या मांडीवर धुतलेलं लुगडं. त्या मात्र पलीकडच्या बाईशी पेरणीचं बोलत होत्या, नजर मस्तानी तलावाकडे, आणि बोटं सावकाश तळव्यावरून फिरत होती. अंगठ्याखाली थांबली. "टाचंचा फोड तर आलाच, पर इथं बघ, सासवडला जाईस्तोर इथं बी येतंय."

मी वाकून पाहिलं, काहीच नाही, लालीसुद्धा नाही. हात लावला तर तेवढीच जागा कोमट. फोड यायच्या आधी घासून घासून जागा गरम होते, मग कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना बोटातून माहीत होतं, आणि मला खात्रीने वाटतं की ते बोटातच विचार करणं होतं.

मग त्यांनी सुईदोरा काढला. मी ठाम नाही म्हटलं, असल्या धुळीत फोड टोचला तर पिकतो. त्या चिडल्या, "शिकलेल्या बायांचं असंच," वगैरे. पण पाय सोडला नाही. कोकमचं तेल चोळत राहिल्या, घोट्यापासून पोटरीपर्यंत, आणि ठणका खरंच उतरला. चोळल्यावर स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात, मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेली गेट कंट्रोल थिअरी. परीक्षेत लिहिली होती, अंगावर त्या दिवशी आली. डोळ्यांत पाणीच आलं, आईच्या आठवणीने असेल. अंगठ्याखाली मी कागदी टेप लावला, आजींनी तो दाबून पाहिला आणि मान हलवली.

घाटात रथाला जादा बैलजोड्या लागल्या. फोटोत दिवेघाट वळणावळणाचा दिसतो, आत चालणाऱ्याला पुढच्या बाईची पाठ आणि डोक्यावरची तुळस यापलीकडे काही दिसत नाही. चढ किती ते पोटऱ्या सांगतात, वळण आलं ते माउली-माउलीचा गजर एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकला की कळतं. घामाचा, बुक्क्याचा, ओल्या मातीचा वास. मध्येच पाऊस आला आणि टाळांचा आवाज बसल्यासारखा झाला, तरी कुणी थांबलं नाही. एरवी पांडुरंग आहे की नाही यावर मी घरी वाद घालते. तिथे तो प्रश्न पडलाच नाही.

आजी गर्दीत कुठे गेल्या कळलं नाही, दिंडी नंबर विचारायचा राहिला. सासवडला टाचेचा फोड फुटला, रात्रभर ठणकला. अंगठ्याखाली काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच मुक्काम होता, तर आमच्या दिंडीतल्या बायकांचे तळवे मी आधी हाताने चाचपले, मोबाईलचा टॉर्च नंतर, आणि जिथे जिथे कोमट लागलं तिथे टेप लावत गेले.