तुम्ही विचारलंत म्हणून: तो जुना कॉम्प्युटर मी अजून का ठेवलाय

ठाण्याचा भाचा विचारतो, वहिनी विचारतात, प्रूफं न्यायला येणारे तर उंबऱ्यावरूनच विचारतात: "अजून हाच? नवा का नाही घेत?" सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन तो अडकलेला त्यांना दिसला, की या प्रश्नाला आणखी धार चढते. आजवर "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सगळं सांगते.

घरात नवा नाही असं नाही. लॅपटॉप आहे आणि नवं काम मी त्यावरच करते, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत. पण त्याआधीचं सगळं, म्हणजे दिवाळी अंक, स्मरणिका, पुस्तकं, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी डबी, मागे लावल्याशिवाय उघडत नाही, आणि डोंगल पॅरलल पोर्टचा. जुन्या प्रिंटरची ती पंचवीस पिनांची रुंद जागा आता कुठल्या लॅपटॉपला असते? यूएसबीला जोडायची केबल मिळते. तिच्यावर प्रिंटर चालतो, माझा डोंगल चालत नाही. पेजमेकरची 7.0 ही शेवटची मोठी आवृत्ती 2001 साली आली, त्यानंतर ते सॉफ्टवेअर तिथेच थांबलं. "जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर वापर" हेही ऐकलंय. वापरते. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, आणि अख्खं पुस्तक पुन्हा ओळ न् ओळ वाचावं लागतं. त्या वाचनाचे पैसे कोणी देत नाही.

म्हणून 2011 मध्ये लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात असेंबल करून घेतलेला हा सीपीयू आमच्या गिरगावच्या खोलीत खिडकीखाली आहे.

"जुना झालाय, त्रास देणारच" हे वाक्य मात्र मला सहन होत नाही. वय हे कारण नव्हे. प्रत्येक अडथळ्याला त्याचं स्वतःचं कारण असतं आणि बहुतेक वेळा ते तो सुरू होतानाच सांगत असतो. पावसाळ्यात बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच न येता नुसते लांब बीप वाजत राहिले, तर आधी रॅम बघायची. चौपाटी इथून हाकेच्या अंतरावर, दमट खारी हवा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बसते. प्लग काढायचा, रॅम काढायची, पट्ट्यांवरून साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, भुगा ब्रशने झटकायचा आणि कडेचे खटके लागेपर्यंत दाबून परत बसवायची. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पंखे फिरतात पण पुढे काही होत नाही, बटण पुन्हा पुन्हा दाबल्यावर कसाबसा उठतो, तेव्हा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, तपासायचा. बारा व्होल्टची लाइन 11.4 च्या खाली उतरत असेल, तर बाकी काही उघडण्यात अर्थ नाही. बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं की पहिला संशय डिस्कला बोर्डाशी जोडणाऱ्या साटाच्या केबलवर घ्यायचा, डिस्कवर नंतर.

हे मला आधी येत नव्हतं. ते शिकेपर्यंत एक पुस्तक हातचं गेलं.

गुरुजी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. राजापूरकडच्या आपल्या गावातल्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा स्वतःच्या आईच्या तोंडच्या. वह्यांना ओल लागलेली, शाई फुटलेली. मी टाइप करायचे, ते लाल पेनने प्रूफ तपासायचे. शेवटच्या प्रूफाला मात्र कागद न घेता ते माझ्या शेजारीच येऊन बसले. मी ओवी मोठ्याने वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच हात वर करायचे. "थांब. आई इथं असं म्हणायची नाही." मग ते हळू आवाजात ती ओळ चालीवर म्हणायचे आणि मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. त्या दुरुस्त्या कुठल्याच कागदावर नव्हत्या. गणपतीला गावी जायच्या आदल्या संध्याकाळी ते काम संपलं. निघताना आमच्याकडच्या पद्धतीने भिंतीवरची सगळी बटणं बंद केली आणि घराला कुलूप लावलं.

परत आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला. आधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, खाली एफ-वन दाबा असं होतं. ते दाबलं. विंडोजचं चिन्ह उमटायला लागलं, निळा पडदा पापणी लवावी तेवढा चमकला आणि परत पहिल्यापासून. असंच चालू राहिलं. स्टार्टअप रिपेअर लावून पाहिलं, ते बराच वेळ शोधत बसलं आणि आपोआप दुरुस्ती होणार नाही म्हणून मोकळं झालं. दिवाळी अंकांचा हंगाम डोक्यावर. वाडीतल्या बऱ्याच घरांची कामं करणारा एक दुरुस्तीवाला होता, तो येऊन सीपीयू घेऊन गेला. डी ड्राइव्हला हात लावू नका, त्यात काम आहे, हे मी त्याला घरात सांगितलं, जिन्यात सांगितलं, खाली स्कूटरपाशी जाऊन परत सांगितलं.

संध्याकाळी फोन आला. "मॅडम, हार्डडिस्क खराब झाली होती. फॉरमॅट मारून विंडोज टाकलंय, आता एकदम मस्त चालतंय."

मी विचारलं, "आणि डी?"

"पार्टिशन नवीन केलं ना. पूर्ण क्लीन."

फॉरमॅट मारला म्हणून मजकूर लगेच पुसला जात नाही, हे एका ओळखीच्या मुलाने तेव्हा सांगितलं. क्विक फॉरमॅटमध्ये कुठे काय ठेवलंय याची यादी जाते. मूळ मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो. पण इथे नवं विंडोज लिहून झालेलं होतं. रिकव्हरीतून जे हाती लागलं त्या फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. रात्र रात्र बसून त्या आकड्यांतून मी ओव्या शोधल्या. पानं मिळाली ती आधीच्या प्रूफांची. शेवटच्या हाताची फाईल मिळाली नाही.

गुरुजींच्या घरी जाऊन सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत बसू." बसलो. पण पहिल्या वेळी जे सहज आठवत होतं ते आता आठवेना. हात वर व्हायचा, चाल सुरू व्हायची, मध्येच अडायची, हात खाली यायचा. "असू दे. आहे तसंच ठेव." पुस्तक निघालं, लोकांनी वाखाणलं. त्यातली कुठली ओवी कुठे लंगडते हे मला पान उघडल्याबरोबर दिसतं.

कॉम्प्युटर घरी आला तो रोज सकाळी सीएमओएस चेकसम एरर, म्हणजे साठवलेली सेटिंग जुळत नाहीत अशी तक्रार, दाखवत. तारीख 1 जानेवारी 2011. तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित पानंसुद्धा उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांच्या मुदतीचा मेळ बसत नाही. दुरुस्तीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "एफ-वन दाबत जा. जुना आहे, चालायचंच." त्या "जुना आहे"ने माझं डोकं फिरलं. प्लग काढला आणि झाकण मी स्वतः उघडलं.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी कॉम्प्युटरला उठवणारा बोर्डावरचा प्रोग्राम. त्याचं घड्याळ आणि सेटिंग या सेलच्या जिवावर टिकतात. भिंतीवरचं बटण चालू असेल, तर कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएसचा पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा तो भार उचलतो. आम्ही रोज रात्री बटण बंद करणारी माणसं, गणपतीत तर सगळंच बंद. जीर्ण झालेला सेल त्यात संपला. सेल संपला की बायोस बोर्डाच्या मूळ सेटिंगवर परत जातं.

झाकणाच्या आतल्या बाजूला, ज्याने असेंबल केला त्या माणसाने कागदाची एक पट्टी चिकटवली होती. घेतल्याची तारीख, रॅम किती, आणि खाली बॉलपेनने "साटा मोड: एएचसीआय". म्हणजे डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते. कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर स्वच्छ. बायोसमध्ये जाऊन पाहिलं तर साटा मोडसमोर लिहिलेलं होतं, आयडीई, ती दुसरी, जुनी पद्धत.

दुरुस्तीवाल्याने विंडोज टाकलं होतं ते या आयडीईवर. मी मुद्दाम मोड बदलून एएचसीआय केला आणि सुरू केला. विंडोजचं चिन्ह, निळी चमक, परत पहिल्यापासून. गावाहून आल्यावर पाहिलं होतं अगदी तेच. एफ-एट दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं, तेव्हा निळा पडदा थांबला आणि खालचा आकडा वाचता आला. शून्यांची रांग आणि शेवटी 7बी. याचा अर्थ, विंडोजला ज्या डिस्कवरून उठायचंय तिच्यापर्यंतच त्याला पोचता येत नाहीये, कारण सुरू होताना जो ड्रायव्हर घ्यायची त्याला सवय आहे, त्याचा मोड बदललाय. परत आयडीई केलं, सगळं सुरळीत. मग डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तो स्मार्ट रिपोर्ट काढला. बदललेले सेक्टर शून्य, संशयित सेक्टर शून्य.

डिस्क खराब नव्हतीच. सेल बदलून बायोसमधली एक ओळ पूर्ववत केली असती, तर गुरुजींची फाईल जिथल्या तिथे होती. दुरुस्तीवाल्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, तेव्हा खराबच दाखवत होती. पुसलेल्या डिस्कवर त्याला मी काय सिद्ध करून दाखवणार?

आता तुमचे पुढचे प्रश्न. बॅकअप नव्हता का? होता, सीडीवर, त्या शेवटच्या बैठकीच्या आधीचा. उद्या पहाटे कोकणात निघायचंय, बॅगा भरायच्यात, नैवेद्याचं सामान बांधायचंय, अशा संध्याकाळी ज्याने सीडी लिहिली असेल त्याने मला विचारावं. विंडोज 7 धोक्याचं आहे? आहे. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला त्याचा सपोर्ट थांबवला. म्हणून नेटची वायर काढून टाकली. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येऊ शकतो, तेही खरं. पेन ड्राइव्ह आधी लॅपटॉपवर तपासते, याहून पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि भाच्या, तुझ्याबद्दलही बोलते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, तुझ्या डेस्कटॉपला ती नाही, म्हणून तू तो काढायला निघालास. नेटवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने काळजी घ्यावी, मान्य. पण त्यातलं काही बिघडलं होतं का? विंडोजऐवजी एखादं फुकट मिळणारं लिनक्स टाकून आणखी काही वर्षं तो आईला वापरता आला असता.

पूर्वीची मी याच्या बरोबर उलट बोलायचे, हे घरातल्यांना आठवतं. यांचा टेपरेकॉर्डर उघडून बसण्याचा नाद मला खपायचा नाही. "खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि तुमचा वर्कशॉप," हे माझंच वाक्य. जागेचं म्हणणं तेव्हा खरं होतं, आजही आहे. त्या वेळची मी आज समोर आली, तर म्हणेल, या खोक्यापायी किती संध्याकाळी घालवल्यास त्याचा हिशेब मांड. मांडला तर तो माझ्या बाजूने येईलच असं नाही. तिला मी पॅरलल पोर्ट दाखवीन. ती म्हणेल, त्या जुन्या फायली आता मागतं कोण? वर्षाकाठी एखादं संमेलन, एखादं वाचनालय मागतं. तेवढ्यासाठी? हो, तेवढ्यासाठी. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू गुरुजींच्या फाईलपायी हा सोडत नाहीयेस." मी तिच्यावर चिडले. तिचं म्हणणं खोटं आहे असं मला अजून म्हणता आलेलं नाही, आणि पॅरलल पोर्टचं माझं म्हणणंही खोटं नाही.

सध्या सेल नवा आहे आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलाय. पण प्रोसेसरजवळच्या एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसतंय. तो बदलून मिळेल, बोर्डच गेला तर मात्र पंचाईत. लॅमिंग्टन रोडला वापरलेले बोर्ड मिळतात, पण पॅरलल पोर्ट म्हटल्यावर दुकानदार मान हलवतात. तेव्हा नवा का घेत नाही हे विचारणाऱ्यांनी एकदा आपल्या माळ्यावर बघावं. मागच्या बाजूला पंचवीस भोकांचा, बहुतेक गुलाबी रंगाचा रुंद पोर्ट असलेला सीपीयू असेल, तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी मला फोन करा. बंद असला तरी चालेल, मी उघडून बघते.