आधी बेल्ट, मग अख्खा रॅक

१४ डिसेंबर, रविवार. लातूर.

दोन्ही खांदे भरून आलेत. बाम चोळून बसलोय. हे आजच लिहून ठेवतो, कारण उद्या ऑफिसात कुणी विचारलं तर 'काही जड नाही, मस्त चालतीय' असंच सांगणार आहे.

माझ्या जुन्या कॉन्टेसा गाडीचं पॉवर स्टिअरिंग शेवटी काढलं. सगळं. पंप, त्याचा ब्रॅकेट, तेलाची डबी, दोन्ही पाइप आणि रॅकसुद्धा, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा. आमच्या मेकॅनिक चाचांनी ते सगळं पोत्यात भरून डिकीत टाकलं आणि म्हणाले, "घरी ठेवा सर, फेकू नका. उद्या मन बदललं तर?" मन बदलणार नाही, पण पोतं ठेवलंय.

सुरुवात पाडव्याच्या सुमारास झाली. पोर्चमधल्या फरशीवर लाल तेलाचा डाग. पुसला की दुसऱ्या दिवशी परत. रॅकच्या टोकाचं सील गेलं होतं. ही गाडी २००२ मध्येच बनायची बंद झाली, त्यामुळं सील किट म्हणजे 'मापाला जवळचं' जे मिळेल ते. पहिलं किट उन्हाळाभर टिकलं, दुसरं पंधरा दिवससुद्धा नाही. दर वेळी रॅक उतरवायचा, चढवायचा आणि वर तेलाचा खर्च वेगळा. तेल कमी झालं की पंप असा रडायचा की गल्लीतली कुत्री उठून बसायची.

मग सप्टेंबरात मी शहाणपणा केला. पंपाचा बेल्ट वेगळा आहे, त्यावर दुसरं काही चालत नाही. म्हटलं, बेल्टच काढून टाकू, झालं मॅन्युअल, म्हणजे बिनपंपाचं. चाचा नको म्हणत होते, पण माझ्या हट्टापुढं त्यांनी पंपाचे पाइप सोडवून रॅकची दोन्ही तोंडं एका नळीनं जोडून दिली. तोंडं नुसती बंद केली असती तर आतलं तेल कोंडून स्टिअरिंग हललंच नसतं.

तीन महिने ती गाडी चालवली. चालवली कसली, ओढली. पॉवरच्या रॅकमध्ये एक पिस्टन असतो. पंप चालू असताना तेल त्याला ढकलतं आणि आपलं काम हलकं होतं. पंप नसला की उलटं होतं, आपण चाकंही फिरवायची आणि ते तेलही इकडून तिकडं ढकलायचं. शिवाय दाते असे पाडलेले असतात की थोडं फिरवलं की चाक भरपूर वळावं, कारण मदतीला पंप आहे हे गृहीतच धरलेलं. आणि मधोमध एक बारीक पिळाची दांडी. ती आधी जरा पिळली जाते आणि त्यावरून कुठल्या बाजूला तेल सोडायचं ते ठरतं. पंप बंद असला तर त्या पिळाचा उपयोग काही नाही, हाताला नुसती ढिलाई लागते. म्हणजे जडही आणि सैलही. बेल्ट काढून मॅन्युअल झालं म्हणणारा मी एकटा मूर्ख नसेन, पण मूर्ख होतो.

शेवटी रॅकच बदलायचं ठरवलं. साधा, बिनपॉवरचा रॅक उदगीरला सापडला. लिंबाखाली उभी जुनी कॉन्टेसा, आत कोंबड्यांचं बिऱ्हाड. मालकाला अख्खी गाडी विकायची होती, मला एक रॅक हवा होता. चहाचे तीन कप झाले तेव्हा कुठं जमलं. घरी येऊन बघतो तर आपल्या स्टिअरिंगच्या शाफ्टच्या खाचा त्याच्या पिनियनवर, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या दांडीवर, बसेनात. लेथवाला म्हणाला, शाफ्ट कापून वेल्डिंग मारून देतो, तासाभराचं काम. चाचा ताडकन उठले. "ब्रेक आणि स्टिअरिंगला वेल्डिंग नाही. दुसरीकडं करून घ्या, मी हात लावणार नाही." परत उदगीर, परत चहा, खालचा जॉइंट घेऊन आलो. आता तो चपखल बसलाय. या एका नकारासाठी चाचांना आयुष्यभर दसऱ्याला पेढे द्यायला हवेत.

काल जुने टाय रॉड एंड, म्हणजे रॅक चाकांना जोडणारे सांधे, काढताना चाचांनी आटे मोजून खडूनं भिंतीवर लिहिले, परत तेवढेच फिरवून बसवता यावेत म्हणून. मागच्या मालकानं हौसेनं घातलेले रुंद टायर मी आधीच काढून कंपनीच्या मापाचे घातले होते. नाहीतर आज बाम दुप्पट लागला असता.

सकाळी सहाला गाडी काढली. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं विसरा. चाकं जरा गडगडू द्यायची, मग वळवायचं. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-सव्वातीन फेरे होते, आता चारच्या वर. गंजगोलाईला मुद्दाम गेलो. सोळा रस्ते येऊन मिळतात, जगदंबेच्या देवळाभोवती फिरत राहायचं, यापेक्षा कडक परीक्षा लातुरात नाही. एक रिक्षावाला आडवा आला तेव्हा दोन्ही हातांनी असं ओढलं की घागर शेंदतोय जणू.

पण औसा रोडला लागलो आणि साठच्या पुढं जडपणा गेलाच. उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना रस्त्याचा उतार, डांबराची कड, सगळं हातात कळत होतं. पॉवरमध्ये हे कधी कळलं नव्हतं, सगळं गादीवरून हाताळल्यासारखं असायचं.

घरी आल्यावर बायको एक चक्कर मारून आली. गाडी गेटात तिरकी सोडली, किल्ली माझ्या हातात दिली. "लोकं पॉवर स्टिअरिंग बघून गाडी घ्यायलेत आन् तुम्ही काढून टाकायलाव. मला स्कूटी बरी." तिच्या बाजूनं बघितलं तर बरोबर आहे. बाजारात, गर्दीत, रोज दहा वेळा पार्किंग करणाऱ्यानं हे करू नये. मी काढलं ते हौसेनं नाही, गळतीला कंटाळून. हौस नंतर लागली.

फरशी आज कोरडी आहे. रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन दोनदा बघून आलो.

एक राहिलं. गाडी सरळ चालते तेव्हा स्टिअरिंग डावीकडं कललेलं असतं, अकरा वाजल्यासारखं. आटे मोजूनसुद्धा. उद्या अलाइनमेंटला न्यायची आहे. पॉवरच्या गाडीला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन, जास्त देतात, तो थोडा कमी होतो का तेही विचारायचंय.