नेरूळ की घोडबंदर

"इथून मुलगी शाळेत एकटी चालत जाईल ना?" आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या जपानी इंजिनिअरने घर बघताना पहिला प्रश्न हा विचारला आणि ब्रोकर आपला क्लबहाऊस, स्विमिंग पूलच दाखवत राहिला.

ठाण्यातल्या घोडबंदरचा फ्लॅट खरंच मस्त होता, मागे येऊरचा डोंगर वगैरे, पण गेटबाहेर पडलं की थेट हायवे. नवी मुंबईतल्या नेरूळची बिल्डिंग जुनी, लिफ्ट एवढीशी, तरी शाळा, भाजीवाले, गार्डन सगळं सेक्टरातच. १९७० च्या दशकात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने सेक्टर आखले ते याच विचाराने. त्याने नेरूळ घेतलं, मला फार बरं वाटलं.

आपण पार्किंग विचारतो, कार्पेट एरिया विचारतो, रस्त्याचं कोणी विचारतच नाही.

नेरूळकरांनो, तुमचे फुटपाथ गाड्यांनी भरत चाललेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी हा विषय काढतं का?