तुम्ही विचारलंत म्हणून: खरी घरं असताना नाटकातलं घर कशाला?

"मॅडम, जायला खरी घरं एवढी आहेत, मग हे नाटक कशाला?"

मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी आल्या की घरोघरी चौकशीला जाणाऱ्यांना आम्ही आधी एका नाटकातल्या घरात, कलाकारांसोबत सराव देतो. प्रत्येक बॅचला कुणी ना कुणी हे विचारतंच. कधी वीस वर्षं नोकरी झालेले हवालदार, कधी जिल्हा कार्यालयातले साहेब. गेल्या महिन्यात माझ्या नणंदेनेही विचारलं. घाईत मी काहीतरी उत्तर देते आणि रात्री वाटत राहतं की सांगायचं ते राहिलंच. म्हणून आज बसून लिहिते.

आधी काम काय ते सांगते. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन येतो, किंवा एखाद्या बाईंना वर्गात मुलाच्या अंगावर वळ दिसतात. मग जिल्हा बाल संरक्षण कक्षातून कुणीतरी त्या घरी जातं, गुन्हा असेल तर पोलीस जातात. घर पाहायचं, मुलाशी बोलायचं, शेजारी, अंगणवाडी ताई, पोलीस पाटील यांना विचारायचं आणि बाल कल्याण समितीपुढे सामाजिक तपासणी अहवाल ठेवायचा. मूल घरी राहणार की बालगृहात जाणार, ते बरंचसं त्या चार पानांवर ठरतं. या कामाला नेमलेल्या माणसाला आपण काय शिकवतो? दोन-तीन दिवस कायद्याची कलमं, पडद्यावर स्लाइड, शेवटी प्रमाणपत्र. बाकीचं तो खऱ्या घरांत शिकतो. म्हणजे चुका करतो त्याही तिथेच, आणि त्या मुलांना भोगाव्या लागतात.

मीही तशीच शिकले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. मामाकडे राहणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. शाळेने कळवलं होतं, दंडावर वळ आहेत. मी गेले. मामीने चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. मी मुलीला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, तुला इथे कुणी मारतं का?" तिने मामीकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मी लिहिलं, "घरातील वातावरण समाधानकारक. बालिका आनंदी दिसून आली." सतराव्या दिवशी ती मोडलेला हात घेऊन सरकारी रुग्णालयात दाखल झाली.

मला कारणे दाखवा नोटीस आली. तीन दिवसांत खुलासा. एका जुन्या कारकुनाने मसुदा करून दिला: नियमानुसार गृहभेट केली, बालिकेने तक्रार नसल्याचे सांगितले. खुलासा मान्य झाला, फाईल बंद. मामी कुठे उभी होती, हे मला कार्यालयात एकाही माणसाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कारण तेवढं एकच चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

पुढच्या वर्षभरात मी बदलले, पण चांगल्यासाठी नाही. अहवाल लांबलचक लिहू लागले. प्रत्येक गोष्टीवर सही-अंगठा घेऊ लागले. जरा शंका आली की "बालकास संस्थेत दाखल करावे" असा शेरा, म्हणजे उद्या काही झालं तर माझ्यावर यायला नको. त्यांतल्या दोन मुलांना तरी घरीच ठेवता आलं असतं, असं मला आज वाटतं. बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा उपाय मानतो. मी तो पहिला केला, कारण मला नोटिशीची भीती होती. घाबरलेला तपासनीस मुलासाठी किती धोक्याचा असतो, ते मी स्वतःवरून सांगते आहे.

पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया क्लिंबिये या मुलीच्या चौकशीबद्दल वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. आठ वर्षांची, नातेवाईक बाईकडे ठेवलेली. फेब्रुवारी २००० मध्ये ती गेली तेव्हा अंगावर १२८ जखमांच्या खुणा होत्या. लॉर्ड लेमिंग यांच्या समितीचा अहवाल २००३ मध्ये आला. तिला वाचवता येईल अशा बारा संधी येऊन गेल्या होत्या, असं त्यात नोंदलं आहे. पोलीस, रुग्णालयं, समाजसेवा विभाग, सगळ्यांकडे तिची नोंद होती. तिची केस ज्या समाजसेविकेकडे होती तिने मुलीला चार वेळा पाहिलं, आणि त्या चारही भेटी मिळून अर्धा तासही भरत नव्हता. मला त्या बाईचा राग आला नाही. मी मामीच्या घरात किती मिनिटं होते, ते मोजत बसले.

अमेरिकेत इलिनॉय राज्याने या प्रश्नावर एक साधा मार्ग काढला. राजधानी स्प्रिंगफील्डला विद्यापीठाच्या आवारात एक घरच तयार केलं. नवीन तपास कर्मचारी त्या घराचं दार वाजवतो, आत कलाकार आई-बाप बनून बसलेले असतात. कुणी रडतं, कुणी अंगावर येतं, कुणी फार गोड बोलतं. शेवटी खोट्या कोर्टात उभं राहून साक्षही द्यावी लागते. वैमानिकाला आपण पहिल्याच दिवशी प्रवासी भरलेलं विमान देत नाही, सिम्युलेटरवर बसवतो, तसंच हे. जायचं कसं आणि निघायचं कधी, हेही शिकावं लागतं. त्याच इलिनॉयमध्ये जानेवारी २०२२ मध्ये, थेअर नावाच्या लहानशा गावात, गृहभेटीला गेलेल्या एका कर्मचारी बाईंचा त्या घरातच खून झाला. आपल्याकडेही मुली एकट्याच दुचाकीवरून वस्तीवर जातात. त्यांच्या जिवाचा विचार प्रशिक्षणात कितीसा येतो?

आमचं घर काही विद्यापीठातलं नाही. एका निवृत्त शिक्षिकेचं तालुक्याच्या गावातलं रिकामं घर, दोन खोल्या आणि पडवी. कलाकार राज्य नाट्य स्पर्धेत काम करणारी हौशी मंडळी. लहान मुलाचं काम आम्ही लहान मुलाला कधीच देत नाही. वीस-बावीस वर्षांची मुलगी दोन वेण्या घालून नऊ वर्षांची होते, आणि दोन मिनिटांत आपण तिचं वय विसरतो.

दारात आम्ही चपला मांडतो. एका प्रसंगात घरातली बाई सांगते, "नवरा सुरतला असतो, दिवाळीलाच येतो." दाराबाहेर बायकी चपला, दोन लहान जोड, आणि दहा नंबरचे पुरुषी सँडल, ओल्या मातीने भरलेले. आत्तापर्यंत किती जणांनी ते सँडल पाहिले असतील? प्रत्येक बॅचमध्ये एखादा, फार तर दोघे. बाकीचे आपल्या चपला त्याच ढिगात काढून आत जातात. बाहेर आल्यावर आम्ही फक्त बोट दाखवतो. बोलावं लागत नाही.

दुसरा प्रसंग जबाबाचा. इथे आमच्या "मुलीला" एकच सूचना असते: ज्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असतं, त्याला मान खाली घालून हो म्हणायचं. घाबरलेलं मूल मोठ्यांपुढे पुष्कळदा तेच करतं. एक महिला उपनिरीक्षक आल्या होत्या, अतिशय कळवळ्याच्या. साध्या वेशात, मुलीच्या उंचीला खाली बसून, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, नियमांत बसेल असं सगळं. त्यांनी विचारलं, "काकांनी तुला हात लावला ना?" हो. "दुपारी का?" हो. "आईला सांगू नको म्हणाले?" हो. "दुसरंही कुणी होतं का तिथे?" हो. त्या बाहेर आल्या त्या दोन आरोपी घेऊन. आमच्या नाटकाच्या संहितेत आरोपी एकच होता, आणि तो काका नव्हता.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग आमची कलाकार मुलगी वेण्या सोडत, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही पहिल्यांदा म्हणालात ना, 'मला सगळं सांग, मी ऐकतेय', तेव्हा मी सांगणारच होते. पण तेवढ्यात तुम्ही वही उघडलीत."

कॅलिफोर्नियात १९८३ साली एका बालवाडीच्या प्रकरणात मुलांना असेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. १९९० पर्यंत खटले चालले, कुणालाही शिक्षा झाली नाही, आणि खरं काय होतं ते मुलांच्या तोंडून कळण्याची वाट कायमची बंद झाली. "पुढे काय झालं?", "त्याबद्दल अजून सांग", एवढे दोन प्रश्न तोंडात बसायलाही सराव लागतो. वाचून ते येत नाहीत, मला तरी आले नव्हते.

आणि उलट्या बाजूची चूकही आम्ही करून घेतो. बीडकडची वस्ती, आई-बाप ऊसतोडीला गेलेले, घरात आजी आणि दोन नातवंडं. डब्यात पीठ थोडंच, पोरं मळकी. शहरातून आलेले बरेच जण लिहितात, "पालकांचे दुर्लक्ष". आजीने दोघांची आधार कार्डं, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेला असतो. विचारलं तर ती लगेच काढून दाखवते. विचारत मात्र कुणी नाही. त्या घराला बाल संगोपन योजनेचे मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळवून देता येतील का, हे आधी पाहायचं, की पोरांना उचलायचं?

आता साहेबांच्या एका मागणीकडे येते. एका जिल्ह्यातून सांगणं आलं, "प्रशिक्षणार्थींना गुण द्या आणि यादी आमच्याकडे पाठवा." मी नाही म्हटलं, आणि ती बॅच गेली. मला त्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणेन. आमच्या घरात जे चुकतं ते गोपनीय अहवालात जाणार असं कळलं, तर कुणी चुकणारच नाही. सगळे जपून, पाठ केल्यासारखे वागतील, आणि खरी चूक वस्तीवरच्या घरासाठी राखून ठेवतील. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या हातून झालेल्या चुका नासाकडे कळवतात आणि तिथे त्यांची ओळख गुप्त ठेवली जाते. अपघात होण्याआधी तो कळावा, एवढाच त्यामागचा हिशेब. मुलांच्या कामात आपण असं काही का करत नाही?

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. जो घरी न जाताच "भेट दिली" लिहितो, त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी, त्याबाबतीत मी फार कठोर आहे. पण जो गेला, बसला, बोलला आणि तरी चुकला, त्याला आधी विचारा: तू कुठे बसला होतास? दारात कोण होतं? त्या दिवशी ही कितवी भेट होती? पाच गावांना एकच माणूस आणि गाडी नाही, हे उत्तर आलं तर तेही लिहून घ्या. ते त्या माणसाच्या नव्हे, तुमच्या खात्यावर येतं.

एका कार्यालयात आमच्या बॅचनंतर शनिवारी अर्धा तास बसायचं ठरलं. प्रत्येकाने या आठवड्यात राहून गेलेली एक गोष्ट सांगायची, आणि सुरुवात अधिकाऱ्यांनी करायची. पहिल्या शनिवारी त्या मॅडम म्हणाल्या, "मंगळवारी मी एका फाईलवर न वाचता सही केली." खोलीत कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझंही एक आहे."

पावसाळ्यात एका संध्याकाळी मला फोन आला. वर्षापूर्वीच्या बॅचमधली मुलगी, आवाज बसलेला. "ताई, आज एका घरी जाऊन आले. अहवाल लिहायला बसले आणि आठवलं, चपला बघितल्याच नाहीत. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, सकाळी परत जा, गाडी देते, सोबत अजून एकाला घे. जाऊ ना?"

मी म्हटलं, जा.

त्या घरात पुढे काय निघालं ते इथे लिहिता येणार नाही, ते त्या मुलाचं आहे. ती सकाळी सात वाजता निघाली होती, एवढं सांगते.