"सिस्टर, जरा बसा ना"

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, तीन वर्षांत इंजेक्शन, कॅथेटर, बेडसोर सगळं शिकवलं. पेशंट घाणेरडं बोलला तर तोंडातून कोणते शब्द काढायचे, हे मात्र कोणी शिकवलं नाही. नागपूरला धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मेल सर्जिकल वॉर्डला लागले आणि दुसऱ्याच नाइटला ते कळलं.

हर्नियाचं ऑपरेशन झालेला पन्नाशीचा पेशंट होता. जांघेजवळचं ड्रेसिंग सोडत होते. तो म्हणाला, "सिस्टर, तुमचा हात लागला का दुखणंच पळते. जरा बसा ना, काहून घाई करता?" बाजूच्या खाटांवरचे हसले. मीही हसले. घाबरून हसले, पण त्यानं तो होकार समजला. पहाटे बीपी घ्यायला गेले तर लग्न झालं का, खोलीवर एकट्याच राहता का, आणि पुढे जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. कफ बांधताना त्यानं माझं मनगट धरलं. हात सोडवून मी स्टेशनवर आले. चार्टवर त्याच्या बीपीचा रकाना तसाच कोरा राहिला.

सकाळी इन्चार्जबाईंना सांगितलं. "पेशंट आहे, दोन दिवसांत सुट्टी होते त्याची. जाऊ दे." हे "जाऊ दे" मला फार लागलं. दुखण्यानं कावलेल्या माणसाची शिवी मी ऐकून घेईन, घेतलीही आहे. हे तसं नव्हतं. राउंडला डॉक्टर आले की हाच माणूस हात जोडून बसायचा.

मार्ग दाखवला दुसऱ्या वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सिस्टरनं. "हसू नको, चिडूही नको. हातातलं काम थांबव, त्याच्या डोळ्यांत बघ अन् एकच वाक्य बोल." ते वाक्य मी बसमध्ये घोकत आले. रात्री त्यानं पुन्हा सुरू केलं तेव्हा ट्रे खाली ठेवला. "काका, असं बोलायचं नाही. पुन्हा बोललात तर ड्रेसिंगला ब्रदर येतील." आवाज कापत होता, पण वॉर्डात सगळ्यांना ऐकू गेला. त्यानं चादर ओढून तोंड फिरवलं.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती लिहिण्याची. "वर्तन अयोग्य" असं मोघम लिहायचं नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे, वेळ, खाट, तेव्हा कोण हजर होतं ते. तो कागद हातात असल्यामुळेच मी तक्रार करू शकले. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, पोलिसांत जायचं तर मदत करणंसुद्धा. म्हणजे पेशंट आहे म्हणून सूट नाही. आमच्या नोटीस बोर्डावरच्या समितीच्या यादीतल्या एक मॅडम केव्हाच नोकरी सोडून गेल्या होत्या, तरी मी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्या पेशंटच्या मुलाला बोलावून समज दिली गेली. रात्री असं ड्रेसिंग असलं की दोघं जायचं, हा नियम त्यानंतर लागला.

पण प्रत्येक वेळी माणूस तसाच नसतो, हे मे महिन्यात भंडाऱ्याकडच्या एका आजोबांनी शिकवलं. तीन दिवस "माय, जेवली का?" विचारणारे आजोबा एका संध्याकाळी एकदम अश्लील बोलायला लागले. मी ते वाक्य बोलणारच होते, तेवढ्यात त्यांची बोटं दिसली. चादरीवरून काहीतरी वेचत होती. "आजोबा, आपण कुठे आहोत?" "वावरात." लगेच डॉक्टरांना बोलावलं. रक्तातलं सोडियम 116 आलं, त्यानंच ते भ्रमात गेले होते. 135 ते 145 असायला हवं. दोन दिवसांनी त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. मी सांगितलंही नाही. तेव्हापासून आधी वार विचारते, जागा विचारते. हर्नियावाल्याला दोन्ही पक्कं ठाऊक होतं.

आता नवीन मुली आल्या की पॅन्ट्रीत दार लावून त्यांच्याकडून ते वाक्य मोठ्यानं म्हणवून घेते. परवा आलेली गोंदियाची पोरगी डब्याकडे बघत पुटपुटली. "माझ्याकडे बघून," मी म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं मान वर केली.