दिवाडीच्या खाजनात, भांगाच्या दिवसांत

जुने गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता सरळ फेरीच्या धक्क्यावर उतरतो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवी ओलांडली की दिवाडी बेट. इथे येणारे बहुतेक जण पिएदादच्या टेकडीवरचं चर्च बघायला वर चढतात. मला मात्र खालच्या खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीत, जायचं होतं. गावकरी आणि पणजीच्या एका कॉलेजची वनस्पतिशास्त्राची मुलं मिळून तिथला फुटलेला बांध पुन्हा उभा करत होती.

मी अलिबागकडचा. खारे बांध, त्यांना पडणाऱ्या खांडी, समुद्राचं पाणी शिरून पडीक गेलेली भातशेती, हे सगळं आमच्याकडेही आहे. म्हणून हे काम डोळ्यांनी बघायची ओढ होती.

भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही जमीन बांध घालून खाडीकडून मिळवलेली. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर खाजनं आहेत, आणि ही रीत फार जुनी: सहाव्या शतकाच्या आसपासच्या बांदोड्याच्या ताम्रपटातही खाजन जमिनीच्या दानाची नोंद आहे. पावसाने माती धुऊन निघाली की जून ते ऑक्टोबर कोरगूट भात, मिठाला दाद न देणारं. कापणी झाल्यावर खारं पाणी बेतानं आत घ्यायचं आणि सुंगटं (कोळंबी), शेवटे, काळुंद्रं ही मासळी वाढू द्यायची.

हा सगळा खेळ मानशीवर चालतो. मानस म्हणजे बांधात बसवलेलं दार, आमच्याकडची उघाडी. जांभ्या दगडाच्या खांबांत जाड फळ्यांची झडप असते. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तेव्हा ती आपोआप मिटते, आणि ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना पंप. मी ओहोटीच्या वेळेला मानशीवर उभा राहून ती उघडताना पाहिली. आधी फळीच्या कडेने एक बारीक धार सुटली, मग झडप हलली आणि चॉकलेटी पाणी फेसाळत नदीत गेलं. त्या पाण्याबरोबर जाणारी मासळी टिपायला बगळे आधीच रांगेत येऊन बसलेले. विद्यार्थीही हातातलं काम टाकून बघत होते, आणि एकही मोबाइल बाहेर आला नाही याचं मला फार बरं वाटलं.

ही मुलं आली होती खारफुटीची रोपं लावायच्या तयारीने. पाणथळ जागा वाचवायची म्हणजे रोपं लावायची, असंच आपण सगळे शिकतो. इथे पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात रोपांऐवजी चिखल आला. बांधाच्या नदीकडच्या अंगाला खारफुटीचा पट्टा आहे, तो लाटांचा जोर मोडतो आणि त्याला कुणी हात लावत नाही. पण आत, पडीक शेतात खारं पाणी वर्षानुवर्षं साचलं की तिथेही खारफुटी उगवते. कायद्याने तिला संरक्षण आहे, त्यामुळे शेत परत मिळवणं अवघड होऊन बसतं. झाड तोडावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण खाजन हीसुद्धा जिवंत पाणथळच आहे, आणि ती माणसाच्या रोजच्या राबण्यावर उभी आहे. 2011च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या, अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना वेगळं स्थान दिलं ते योग्यच झालं.

मग बांध फुटले कसे? मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला वाटतं समुद्र चढला म्हणून. त्याचाही भाग असेल, पण जुने शेतकरी दुसरीच कारणं सांगतात. पूर्वी 'गावकारी' ही गावाची सामाईक संस्था, पुढे पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद म्हणू लागले ती, बांधांची डागडुजी करून घेत असे. 1964च्या कूळकायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. शेती परवडेना. मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावातून पैसा मिळू लागला, मग कुठे कुठे दार नको तेव्हा उघडं राहिलं. त्यात मांडवीतून खनिजाच्या बार्जी वर्षानुवर्षं ये-जा करत राहिल्या आणि त्यांच्या लाटांनी बांधांची मुळं खाल्ली. खेकड्याचं एक बीळ वेळेवर बुजवलं नाही तरी पाणी तिथून वाट काढतं.

दुरुस्तीचं काम अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो तेव्हा. उधाणाला इथे हात घालता येत नाही. बांबूचे खुंट दोन ओळींत ठोकायचे, मध्ये पेंढा, त्यावर चिकण मातीचे गोळे, आणि पायांनी तुडवत थर चढवायचे. गोळे हातोहात यायचे, मीही रांगेत होतो. दुपारी पेज, सुक्या सुंगटांची किसमूर (कोशिंबीर) आणि तोर, म्हणजे खारवलेली कैरी. पुन्हा चिखलात. खुंटांजवळ पाणी चढायला लागलं की एक काका ओरडायचे, "बेगीन, भरती येतली!" आणि रांग धावू लागायची. वीस वर्षांची पोरं दमून बसायची तेव्हा काका उभेच असायचे. चिखल किती ओला हवा हे त्यांच्या तळव्यांना कळतं. ते कुठल्याही प्रात्यक्षिकाच्या वहीत नाही, ते त्यांच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. एक मुलगी तळवा टेकून टेकून त्यांना विचारत होती, "काका, हो पुरो?" म्हणजे एवढा पुरे का?

मुलांनीही गावाला काही दिलं. रिफ्रॅक्टोमीटरवर त्यांनी मानशीच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याचा खारटपणा मोजला. मे महिन्यात नदीकडचं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं, आणि पावसाळ्यात तेच बहुतेक गोडं होतं. आतल्या पाण्याची नोंद ठेवायला त्यांनी मानशीजवळ खुणांची पट्टी रोवली. मानस सांभाळणाऱ्या माणसाने वही ठेवायचं कबूल केलं. कोरगुटाचं बियाणं पेरायच्या आधी मीठ किती उतरलंय, हे या पावसाळ्यात प्रथमच आकड्यांत दिसेल. कापणी झाली की नोव्हेंबरात खारं पाणी आत घेतील, तेव्हा तीच मुलं पक्षी मोजायला येणार आहेत. यायचं असेल तर तेव्हा या. आणि पंचांग बघून भांगाचे दिवस धरलेत तर बांधाला तुमचेही दोन हात लागतील.